सिंहगडाहून ठेंगणं शिखर आणि दहा हिवाळी पदकं

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी परवा तीन प्रश्न एका दमात विचारले. हंगेरीत ना आल्प्स, ना हिमालय. मग त्यांना हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळतं तरी कसं? ते स्केटिंगवाले लिऊ बंधू अर्धे चिनी, आता खेळतातही चीनकडूनच, तर त्यात हंगेरीचं कर्तृत्व काय? आणि २०१८ मध्ये स्कीवर नुसतीच या काठावरून त्या काठावर जाऊन आलेली बाई हंगेरीचीच होती ना? फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून लिहून काढते. गेली २२ वर्षं मी पुण्यात इनलाइन स्पीड स्केटिंग शिकवते. मध्यंतरी शॉर्ट ट्रॅकचं, म्हणजे बर्फावरच्या छोट्या लंबगोलातल्या स्केटिंग शर्यतींचं, वेड लागलं आणि एक हिवाळा बुडापेस्टच्या सरावाच्या रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, काढला. बराचसा वेळ बाकावर बसून स्केट्सची पाती घासण्यात आणि दुसऱ्यांची मुलं बघण्यात गेला. तेव्हा माझं उत्तर थोडं पात्याच्या बाजूला झुकणार, हे आधीच सांगते.

सुरुवात हिशेबाने करू. १९२४ मध्ये फ्रान्सच्या शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं. तेव्हापासून हंगेरीचा संघ प्रत्येक खेपेला गेला आहे. असे देश जगात मोजकेच. २०२२ च्या बीजिंगपर्यंत त्यांची पदकं झाली दहा: दोन सुवर्ण, दोन रौप्य, सहा कांस्य. आता या दहांची फोड बघा. सहा फिगर स्केटिंगची, चार शॉर्ट ट्रॅकची. म्हणजे दहाच्या दहा रिंकवरची. स्कीवर, डोंगरउतारावर, घसरगाडीवर मिळालेलं एकही नाही.

आपल्या भाषेत इथे जरा घोटाळा होतो. आभाळातून भुरभुरतो तोही बर्फ आणि फ्रीजरच्या ट्रेमध्ये जमतो तोही बर्फच. हिवाळी खेळांत मात्र ही दोन वेगळी राज्यं आहेत. पहिल्याला डोंगर लागतो, उंची लागते, महिनोन् महिने टिकणारी थंडी लागते. दुसऱ्याला सपाट जागा, पाणी आणि विजेचं बिल भरणारा कुणीतरी पुरतो. हंगेरी हा दुसऱ्या बर्फाचा देश आहे. एवढं एक ध्यानात ठेवलंत तर तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

डोंगराचं आधी उरकते. हंगेरीतलं सगळ्यात उंच शिखर केकेश, उंची १,०१४ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. कळसूबाई सोडा, आपण रविवारी पिठलं-भाकरी खायला जातो तो सिंहगडसुद्धा केकेशहून उंच आहे. केकेशवर स्कीची वाट आहे, बुडापेस्टच्या टेकड्यांवर नॉर्माफा नावाच्या जागी लोक हौसेने स्की करतात, पण जागतिक दर्जाचा उतार तिथे कुठून आणणार? केकेश ज्या रांगेत आहे तिचं नाव मात्रा. स्कीच्या बाबतीत मात्र ही मात्रा लागू पडलेली नाही.

हे पूर्वीपासून असं नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर १९२० च्या ट्रियानोनच्या तहात हंगेरीच्या जुन्या राज्याचा दोन तृतीयांशाहून अधिक मुलूख गेला. तात्रा पर्वत चेकोस्लोव्हाकियाकडे, कार्पेथियनच्या रांगांसकट ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाकडे. डोंगर सीमेपलीकडे राहिले आणि त्यांच्यासोबत हंगेरियन बोलणारी लाखो माणसंही. मिक्लोश एदित ही त्यांतलीच. (हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, आपल्या मतदारयादीसारखं. मीही तसंच लिहिते.) तिचा जन्म रोमानियातल्या चीकसेरेदा गावचा. २०१० चं ऑलिंपिक ती रोमानियाकडून खेळली, २०१४ चं हंगेरीकडून. त्या सोची ऑलिंपिकमध्ये डाउनहिलमध्ये ती सातवी आली. स्कीमध्ये हंगेरीसाठी ही केवढी मोठी गोष्ट, हे केकेशची उंची डोळ्यांपुढे ठेवूनच कळतं. आणि तीही घडली सीमेपलीकडच्या डोंगरात वाढलेल्या मुलीमुळे. डोंगराची गोष्ट इथे संपली.

बर्फाची गोष्ट एका तळ्यापासून सुरू होते. बुडापेस्टच्या पेश्त बाजूला वारोशलिगेत नावाची मोठी बाग आहे. नावाचा अर्थच ‘नगरातली वनराई’. त्या बागेतल्या तळ्यावर उन्हाळ्यात होड्या चालतात आणि हिवाळ्यात स्केटिंग. १८६९ मध्ये तिथे स्केटिंगचा क्लब निघाला आणि पुढच्याच वर्षी, १८७० च्या जानेवारीत, तळं लोकांना खुलं झालं. तेव्हा सगळी मदार थंडीवर. तळं गोठलं तर खेळ, नाही गोठलं तर फेरफटका मारून घरी. १९२६ मध्ये नळ्या टाकून कृत्रिम बर्फ गोठवायची सोय झाली. आजही युरोपातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या रिंकांमध्ये त्याची गणना होते. एका अंगाला वायदाहुन्यादचा किल्ला, समोर स्केटिंग क्लबची जुनी डौलदार इमारत, आणि मधे संध्याकाळच्या दिव्यांत गोल गोल फिरणारं अख्खं शहर. आजोबा हात पाठीमागे बांधून फिरताहेत, शाळकरी पोरं त्यांना कट मारताहेत, कुणी नवखी मुलगी कठडा सोडायला तयार नाही. मी गेले तेव्हा भाड्याचे स्केट्स घ्यायला रांग लागलेली होती आणि रांगेत चुकूनही कुणी ‘खेळाडू’ नव्हतं. मला तो देश तिथे कळला. आपल्याकडे मैदानात टेनिस बॉलचं क्रिकेट चालतं ना, तसं ते होतं.

अशा जागेतून खेळाडू निघणारच. १८९५ ची युरोपियन फिगर स्केटिंग स्पर्धा बुडापेस्टलाच झाली आणि जिंकला तिथलाच फोल्दवारी तिबोर. पुढे क्रोनबर्गर लिली हिने १९०८ ते १९११ सलग चार वर्षं जगज्जेतेपद घेतलं आणि तिच्यामागून मेराई-होर्वाट ओपिका हिने १९१२ ते १९१४ सलग तीन. सात वर्षं महिलांचं विश्वविजेतेपद एकाच देशात, खरं तर एकाच शहरात. तेव्हा हिवाळी ऑलिंपिक सुरूच झालं नव्हतं, नाहीतर आज पदकांचा आकडा वेगळा दिसला असता. हंगेरीला आपण पोहणं, तलवारबाजी, कयाक आणि वॉटर पोलोचा देश म्हणून ओळखतो, आणि ते खरंच आहे. पण त्यांचा बर्फाशी संबंध काल-परवाचा नाही, हे सांगायला ही दोन नावं पुरेत.

ऑलिंपिकची पहिली पदकं जोडीच्या स्केटिंगमध्ये आली. रोटर एमिलिया आणि सोलाश लास्लो यांनी १९३२ मध्ये लेक प्लॅसिडला आणि १९३६ मध्ये गार्मिशला कांस्य मिळवलं. ऑलिंपिकमध्ये कांस्यच, पण जगज्जेतेपद चार वेळा. मग १९४८ ला केकेशी आंद्रेआ आणि किराय एदे यांचं रौप्य. त्यानंतर १९५२ आणि १९५६ अशी दोन कांस्यं नॉज मारियाना आणि नॉज लास्लो या सख्ख्या बहीणभावाची.

इथे जरा थांबते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच काळात आहे. किराय एदे १९४९ ला केकेशीबरोबर जगज्जेता झाला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेला गेला तो हंगेरीत परतलाच नाही. पुढे कॅनडात स्थायिक झाला, तिथे शिकवत राहिला. पायोर कोर्नेल हा लांब पल्ल्याचा स्पीड स्केटर. १९४९ मध्ये ऑस्लोला तो सर्वंकष जगज्जेता झाला. त्याचा खेळ ४०० मीटरच्या मोठ्या लंबगोलावरचा. नॉर्वे, हॉलंडच्या पोरांना त्यांच्याच अंगणात हरवणारा हा बुडापेस्टचा माणूस. तोही स्वीडनला गेला आणि तिकडचाच झाला. देशात कम्युनिस्ट सत्ता आवळत चालली होती आणि ज्यांच्या हाती पासपोर्ट पडत होता अशा मोजक्या लोकांत खेळाडू होते. म्हणजे विजेते देश सोडून जाणं हे हंगेरीच्या बर्फाला २०२२ मध्ये पहिल्यांदा दिसलेलं नाही. तेव्हा ती माणसं मायदेशातून निसटली, आता रीतसर पत्रक काढून गेली. फरक लहान नाही, पण मागे राहणाऱ्या रिंकवरची पोकळी तीच.

१९८० च्या रौप्याबद्दल एक गोष्ट सांगायला मला फार आवडते. रेगोत्सी क्रिस्तिना आणि शल्लई आंद्राश ही आइस डान्सची जोडी. लेक प्लॅसिडला त्यांचं सुवर्ण सोव्हिएत जोडीने थोडक्यात नेलं. महिनाभरात डॉर्टमुंडच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी हिशेब चुकता केला आणि जगज्जेते होऊन निवृत्त झाले. त्यांची प्रशिक्षक होती इंग्लंडची बेटी कॅलवे. याच बाईंच्या हाताखाली पुढे टॉरविल आणि डीन ही इंग्लंडची आइस डान्सची जोडी तयार झाली, जिला जग ओळखतं. तेव्हा एखाद्या हंगेरियन पदकामागे परदेशी गुरू असणं हीसुद्धा जुनीच रीत.

त्यानंतर ३८ वर्षं काही नाही. मधे शेबेश्तेन युलियाने २००४ मध्ये बुडापेस्टलाच युरोपियन विजेतेपद पटकावलं, चार ऑलिंपिक खेळली, पण पदक नाही.

आता शॉर्ट ट्रॅक. हंगेरीने नेमका हाच खेळ का धरला, हे मला बाहेरून कधी कळलं नसतं. मोठ्या स्पीड स्केटिंगला ४०० मीटरचा लंबगोल लागतो, तो बांधायचा आणि थंड ठेवायचा म्हणजे हत्ती पोसणं. शॉर्ट ट्रॅकचा लंबगोल १११.१२ मीटरचा. तो ६० बाय ३० मीटरच्या नेहमीच्या रिंकवर मावतो. त्याच बर्फावर सकाळी फिगर स्केटिंगच्या मुली, दुपारी शॉर्ट ट्रॅक, रात्री हॉकी. काळे ठोकळे वळणावर मांडले की ट्रॅक तयार, उचलले की गायब. लोकसंख्या एक कोटीला थोडी कमी, म्हणजे मुंबईएवढीही नाही. अशा देशाला एकाच बर्फावर तीन खेळ पोसणं परवडतं. १९९२ ला शॉर्ट ट्रॅक ऑलिंपिकचा पदकाचा खेळ झाला आणि हंगेरीने हळूहळू त्यात पाय रोवले. २०१३ ची जागतिक स्पर्धा देब्रेत्सेनला झाली. शिवाय २०११ पासून तिथे कंपन्यांना नफ्यावरच्या कराची काही रक्कम ठरावीक सांघिक खेळांकडे वळवता येते आणि त्या यादीत आइस हॉकी आहे. हॉकीसाठी छप्पर बांधलं की त्याखाली शॉर्ट ट्रॅकच्या पोरांनाही तास मिळतात. हॉकीचं म्हणाल तर २०१६ मध्ये त्यांनी बेलारूसला ५–२ हरवलं. जगातल्या सर्वोच्च गटातला १९३९ नंतरचा तो त्यांचा पहिला विजय. त्यापलीकडे हॉकीत मला गती नाही.

रिंकवर मी काय पाहिलं ते सांगते. सरावाला अर्धा तास असताना बारा-तेरा वर्षांची पोरं बाकावर ओळीने बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर जिग, म्हणजे दोन्ही पाती उलटी आवळून धरणारा लोखंडी साचा. वरून लांब दगड पुढे-मागे, पुढे-मागे, दोन्ही पात्यांवर एकदम. मग छोट्या दगडाने कडेची बारीक कोर काढायची. मग अंगठ्याचं नख पात्याच्या कडेवर आडवं हलकेच ओढायचं. नखाचा पांढरा भुगा पडला तर धार लागली. आई-वडील कोपऱ्यात कॉफी पीत बसलेले, पात्याला हात लावत नव्हते. आमच्याकडे दहावीतल्या मुलाच्या चाकातलं बेअरिंग अजून वडील बदलून देतात. मी पुण्याला परतल्यावर पहिला नियम केला: आपली चाकं आपण उघडायची.

पातंही नीट बघण्यासारखं. शॉर्ट ट्रॅकच्या बुटाखाली पातं मधोमध नसतं, दोन्ही पायांत डावीकडे सरकवलेलं असतं, कारण अख्खा खेळ डावीकडे वळत राहण्याचा आहे. एवढंच नाही, पातं लांबीतही वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही. मोजणीचं यंत्र लावलं की काटा हलतो. कुणाला किती वाक हवा यावरून खेळाडू आणि प्रशिक्षक तासन् तास वाद घालतात. वळणावर शरीर इतकं आत झुकतं की डावा हात बर्फाला टेकतो. म्हणून त्या हातमोज्याच्या बोटांना टणक गुळगुळीत टोपणं चिकटवलेली असतात. आमची इनलाइनची मुलं पहिल्यांदा बर्फावर आली की इथेच फसतात. डांबरावर रबराचं चाक धरून ठेवतं. बर्फावर धरणारं काहीच नसतं, डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर विश्वास टाकावा लागतो. तो विश्वास शिकवून येत नाही, पडून पडून येतो.

आता मुख्य गोष्ट. २२ फेब्रुवारी २०१८, प्योंगचांग, पुरुषांची ५,००० मीटर रिले. संघात चौघं: लिऊ शाओलिन शांदोर, त्याचा धाकटा भाऊ लिऊ शाओआंग, क्नोख व्हिक्टर आणि बुरयान चाबा. अंतिम फेरीत समोर चीन, कॅनडा आणि यजमान दक्षिण कोरिया. ४५ फेऱ्यांची शर्यत. कोरियाचा खेळाडू मधेच पडला आणि तो संघ मागे राहिला. शेवटच्या टप्प्यात हंगेरीने चीनला मागे टाकलं. वेळ ६ मिनिटं ३१.९७१ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. हिवाळी ऑलिंपिकमधलं हंगेरीचं पहिलं सुवर्ण, पहिल्या शर्यतीनंतर ९४ वर्षांनी. बातम्यांत दोन भाऊच झळकले, कारण शाओलिन शांदोर स्टार्टच्या रेषेवर भुवईवरून बोट फिरवून डोळा मारायचा आणि ती चित्रफीत जगभर फिरली. मला मात्र क्नोख व्हिक्टरबद्दल जास्त वाटतं. पेच गावचा हा मुलगा २००६ च्या ट्युरिनला सोळा वर्षांचा असताना पहिल्यांदा ऑलिंपिक खेळला. संघात भाऊ नव्हते, पदकाची आशा नव्हती, तेव्हापासून तो होता. रिले दोघांनी जिंकता येत नाही.

२०२२ ला बीजिंगमध्ये आधी मिश्र रिलेचं कांस्य आलं. भावांसोबत यासापाती पेत्रा आणि कोन्या झोफिया या दोघी. मग ७ फेब्रुवारीची १,००० मीटरची अंतिम शर्यत. शाओलिन शांदोरने रेषा आधी ओलांडली. शेवटच्या मीटरला चीनचा रेन झिवेई आणि तो एकमेकांना भिडलेले. पंचांनी चित्रफीत पाहिली, पाहत राहिले, आणि शाओलिन शांदोरवर दोन दोष ठेवून पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे तो बाद. सुवर्ण रेनला, रौप्यही चीनलाच, आणि कांस्य धाकट्या शाओआंगला. हंगेरीची तक्रार फेटाळली गेली. मला अजून विचारतात, अन्याय झाला का? शॉर्ट ट्रॅकमध्ये मागून येणाऱ्याने आत शिरताना समोरच्याची वाट कापली आणि धक्का लागला तर दोष आत शिरणाऱ्याचा. त्या शर्यतीत असं शिरणं घडलंय, हे मला मान्य आहे. पण शेवटच्या रेषेवरची ओढाताण दोन्ही बाजूंनी होती, आणि तिथे एकाच्याच नावापुढे खूण पडली हे मला आजही रुचलेलं नाही. सहा दिवसांनी शाओआंगने ५०० मीटर जिंकली, ४०.३३८ सेकंदांत. हंगेरीचं हिवाळ्यातलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. साडेचार फेऱ्यांची शर्यत, त्यात पंचांना बघायला फारसं काही ठेवलंच नाही त्याने.

आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोघांनी जाहीर केलं की यापुढे आपण चीनकडून खेळणार. त्यांची प्रशिक्षक झांग जिंग, जिच्या हाताखाली हे सगळं घडलं, तीही. २०२३ च्या मोसमात ते चीनच्या पोशाखात दिसले.

आता तुमचं ‘चिनीच ना ते’. वडील चिनी, आई हंगेरियन, जन्म दोघांचाही बुडापेस्टचा, एक १९९५ चा, दुसरा १९९८ चा. थोरल्याच्या तर नावातच दोन्ही घरं आहेत: शाओलिन आणि शांदोर. हंगेरियन त्यांची मायबोली, शब्दशः. लहानपणी काही काळ चीनमध्ये सराव केला, पण पाय ज्या बर्फावर घडले तो बुडापेस्टचा. त्यामुळे २०१८ आणि २०२२ ची पदकं उसनी होती असं मी म्हणणार नाही. उसनं कशाला म्हणायचं ते हवं तर दाखवते. जॉन-हेन्री क्रूगर २०१८ ला अमेरिकेकडून १,००० मीटरचं रौप्य घेऊन हंगेरीकडे आला आणि बीजिंगला हंगेरीच्या संघात होता. दक्षिण कोरियाचा किम मिन-सोक दोन ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरची कांस्यपदकं मिळवून २०२४ ला हंगेरियन नागरिक झाला. हे तयार माणूस आणणं झालं. भावांचं तसं नव्हतं. त्यांना त्या देशाने लहानपणापासून वाढवलं आणि मग ते गेले. नियम काय सांगतो? देश बदलला तर ऑलिंपिकसाठी तीन वर्षं थांबा, किंवा जुन्या देशाची संमती घ्या. म्हणजे जाण्याची वाट नियमातच आहे.

त्यांनी का सोडलं, याबद्दल मी ऐकीव गोष्टी लिहिणार नाही. एक प्रशिक्षक म्हणून एवढंच बोलते: चीनमध्ये या खेळाला जो पैसा, जे वैद्यकीय पथक, जोडीला सरावाला उभे राहू शकणारे जे दहा तुल्यबळ स्केटर मिळतात, ते बुडापेस्टमध्ये मिळणं शक्य नाही. शॉर्ट ट्रॅकमध्ये सराव एकट्याने होत नाही. तुमच्याइतकाच जलद कुणीतरी रोज तुमच्या मांडीला चिकटून पळायला लागतो. राग मला त्यांचा येत नाही. वाईट वाटतं ते मागच्या फळीचं. चौदा वर्षांच्या पोराला दोन जगज्जेत्यांच्या मागे फेऱ्या मारायला मिळत होतं, ते एका मोसमात थांबलं. पदक परत मिळवता येतं. ज्याच्या मागे फेऱ्या मारायच्या तो माणूस घडवायला पुन्हा पंधरा वर्षं जातात.

तिसरा प्रश्न, ती बाई. एलिझाबेथ स्वेनी, अमेरिकेची, आजी-आजोबांकडून हंगेरियन. २०१८ च्या महिलांच्या हाफपाइपमध्ये, म्हणजे अर्ध्या नळीसारख्या बर्फाच्या चरातल्या स्कीच्या स्पर्धेत, ती शेवटची, २४ वी आली. गुण ३१.४०. एकही उलटी-पालटी उडी नाही. काठापर्यंत जायचं, वळायचं, खाली यायचं. लोक खूप हसले. पण तिने फसवलं कुणाला? पात्रतेसाठी वर्ल्ड कपात पहिल्या तिसांत यायचं होतं, आणि त्या खेळात कित्येकदा तीस स्पर्धकच नसतात. चीनमधल्या एका स्पर्धेत पंधरा जणी होत्या, त्यांत ही तेरावी. त्यात प्रत्येक देशाला मोजक्याच जागा, त्यामुळे अमेरिकेच्या तिच्याहून सरस मुली घरी आणि ही ऑलिंपिकला. तिने नियमपुस्तक वाचलं, तिकिटं काढली, न पडता खाली आली. मी माझ्या मुलांना तिचं स्कीइंग दाखवणार नाही, पण न चुकता हजेरी लावणं दाखवेन. हंगेरीबद्दल मात्र त्या प्रकरणातून काही कळत नाही. ती गोष्ट हिमावरची, आणि हिमावर त्या देशाचं फारसं कुणी नाही म्हणूनच ती जागा रिकामी होती.

तुम्ही जाता जाता विचारलंत की मुलीने काय बघावं. तिला २०१८ ची रिले अंतिम फेरी दाखवा, पण दोनदा. पहिल्यांदा नुसती बघू दे. दुसऱ्यांदा पुढे कोण आहे ते सोडून द्यायला सांगा आणि आतल्या बाजूने संथ फिरणाऱ्या तिघांवर नजर ठेवायला सांगा. पुढचा खेळाडू आत शिरतो, खाली बसतो, आणि मागचा त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी ढकलतो. तो ढकलण्याचा क्षण हीच रिले. हात कमरेच्या नेमक्या मधोमध पडले तर वेग जसाच्या तसा पुढच्याकडे जातो, जरा तिरपे पडले तर अर्धा मीटर गेला. प्रत्येक दीड फेरीला हे घडतं. तिला मोजू दे, हंगेरीचे किती हात सरळ पडले आणि चीनचे किती. आणि हे सांगून ठेवा की शेवटच्या दोन फेऱ्यांत अदलाबदल करता येत नाही. त्या आधीच्या फेरीला घंटेकडे नाही, कोण कुणाला ढकलतंय तिकडे बघायचं. रविवारी वर्गाला येताना आकडे लिहून आण म्हणावं.